चेहरेचोराची कसोटी

पुस्तकाच्या मागच्या पानावर प्रकाशकांनी छापलंय की लेखिका कोलकात्यात राहून अद्भुतरम्य कथा लिहितात. अद्भुतरम्य! कप्पाळ माझं. मी फोनवर त्यांना म्हटलं होतं, अहो, या गोष्टींत मुंडकी उडतात, चेटकिणी माणसांच्या सावल्या रांधून खातात, यात तुम्हाला रम्य काय दिसलं? ते म्हणाले, ताई, मागच्या पानावर रक्तपात नको, वाचनालयं पुस्तक घेत नाहीत. मी मान्य केलं. पन्नाशी उलटल्यावरचं पहिलं पुस्तक होतं, फार ताणून चालणार नव्हतं.

गोष्टी सुरू झाल्या त्या मुलीसाठी. नवरा रेल्वेत, दर काही वर्षांनी बदली, त्यामुळे आमची लेक कुठल्याच गावात धड रुजली नाही आणि तिचं मराठी कायम लंगडं राहिलं. शहाण्यासुरत्या गोष्टी सांगितल्या की ती हिंदीतून कंटाळा आलाय म्हणायची. मग मी एक तलवारवाली काढली. भाड्याने तलवार चालवणारी बाई. दलदलीच्या देशातून व्यापाऱ्यांचे तांडे सुखरूप पार करून द्यायचे आणि वाटेत आडवे येणारे चेटके कापून काढायचे, हा तिचा धंदा. तोंडाने फटकळ, स्वयंपाकात शून्य. तिच्यापायी पोरगी मराठी ऐकायला लागली. आता ती बंगळूरला नोकरी करते, फोनवर अर्धं इंग्रजी बोलते आणि माझं पुस्तक तिनं अजून निम्मंच वाचलंय. तलवारवाली मात्र माझ्याकडेच राहिली.

इथे कोलकात्याला बदली झाली तेव्हा आम्हाला गार्डन रीचला रेल्वेच्या वसाहतीत घर मिळालं. जुनं, उंच छताचं, भिंतींना ओल धरणारं. खिडकीतून नदी दिसते. भरतीच्या वेळी पाणी उलटं चढतं आणि सगळा कचरा परत वर येतो, पानं, फुलं, कधी देवाच्या मूर्तीचा बांबूचा सांगाडा. बघत बसलं की अंगावर काटा येतो, आणि बघत बसल्याशिवाय राहवतही नाही. माझ्या दलदलीच्या देशातल्या नद्या तिथे बसून लिहिल्या.

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना बाबा म्हणते. लष्करात होते, आणि निवृत्तीआधीची शेवटची नेमणूक इथलीच, फोर्ट विल्यमला. त्यामुळे रविवारी त्यांना गाडीतून मैदानाच्या बाजूने फिरवून आणायचं हा आमचा रिवाज होता. किल्ल्याचं फाटक आलं की ते ताठ बसायचे आणि कुठल्या तरी साहेबाची तीच ती गंमत सांगायचे. एका रविवारी फाटक आलं आणि गेलं. ते काही बोलले नाहीत. थोडं पुढे गेल्यावर नवऱ्याला म्हणाले, “ड्रायव्हर, हे मघाचं काय होतं?”

नवऱ्याने गाडी तशीच चालू ठेवली. मला मागून त्याचे फक्त कान दिसत होते, लालभडक झालेले. 

डॉक्टर म्हणाले, वयाचा भाग आहे, आठवणी हळूहळू पुसत जातील, औषधाने वेग थोडा कमी होईल. दिवसभर सोबतीला एक बंगाली मासी, म्हणजे मावशी, ठेवली. मासी भली. बाबा तिला रोज नव्याने “तुम्ही कोण?” विचारायचे आणि ती रोज नव्याने हसून सांगायची.

दुपारी मात्र ते माझे असायचे. मला लिहिलेलं मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही. घरात ऐकणारं दुसरं कोण? नवऱ्याला गोष्ट वाचून दाखवली तर तो मध्येच पंख्याचं रेग्युलेटर तपासतो. बाबा खिडकीशी आरामखुर्चीत बसायचे, मी समोर वेताच्या मोड्यावर. माझी पद्धत साधी होती. वाचता वाचता बाबांना डुलकी लागली की तो परिच्छेद बाद. असं करत निम्मं पुस्तक मी कापून टाकलं आणि पुस्तक सुधारलं. मध्येच ते डोळे न उघडता म्हणायचे, “अगं, ती तलवार लाटण्यासारखी काय धरतेय? मनगट सैल सोड म्हणावं तिला.” मी लगेच दुरुस्ती करायची.

आमच्या दिवाणखान्यात कोचाच्या वर तलवार टांगलेली होती. खरी. बाबांच्या घराण्यातली, किती पिढ्यांची ते कुणालाच नीट ठाऊक नाही. प्रत्येक बदलीत ती गादीच्या वळकटीत गुंडाळून आली. धार बोथट झालेली, पण टोक शाबूत आणि वजन भरपूर. मी पुस्तकभर तलवारी चालवल्या, पण ती कधी हातात घेतली नव्हती. तिच्याकडे बघून लिहायचे, एवढंच.

शेवटची गोष्ट लिहायला घेतली तेव्हा बाबा मला अधूनमधून सासूबाईंच्या नावाने हाक मारायला लागले होते. चेहरा तोच, आवाज तोच, चहाची बशी धरायची ऐट तीच, आणि आतला माणूस रोज थोडा थोडा कमी होत होता. मला भीती वाटायची. खरंच सांगते, दया कमी आणि भीती जास्त. त्या भीतीतून चेहरेचोर सुचला.

गोष्ट अशी. दलदलीच्या देशात एक चेटक्या आहे. तो माणसाला मारतो आणि त्याचा चेहरा, आवाज, चाल सगळं घेऊन त्याच्या घरात राहायला जातो. घरच्यांना पत्ता लागत नाही. त्याला फक्त एक गोष्ट चोरता येत नाही, ती म्हणजे आठवण. म्हणून त्याला ओळखायची एकच कसोटी. घरातलं काहीतरी विचारायचं. ज्याला आठवत नाही, तो चोर. तलवारवाली पुष्कळ वर्षांनी आपल्या घरी परत येते. म्हातारा बाप उंबऱ्यावर बसलेला. ती विचारते, मला पोहायला कुणी शिकवलं? बाप गोड हसतो आणि म्हणतो, आठवत नाही गं. ती त्याला वाकायला सांगते. शेवटचं वाक्य होतं, ‘मुंडकं पायऱ्यांवरून खाली गेलं आणि त्यावर चेहरा नव्हता.’

ही गोष्ट मी बाबांना वाचून दाखवली तेव्हा त्यांना एकदाही डुलकी लागली नाही. शेवट झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, “कसोटी चोख आहे.” मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मूर्खासारखी मी आत जाऊन नवऱ्याला सांगून आले. पुण्याच्या प्रकाशकांना संग्रह पाठवला तेव्हा तेही हेच म्हणाले. “ताई, तलवारी आणि चेटूक मराठीत कोण वाचतंय? पण या शेवटच्या गोष्टीसाठी पुस्तक काढतो. शेवटाला हात लावू नका.” प्रकाशन दसऱ्याला ठरलं.

मग एक विचित्र गोष्ट लक्षात यायला लागली. बाबा जेवलेलं विसरत होते. सासूबाई गेल्याचं विसरत होते आणि दर वेळी नव्याने रडत होते. पण चेहरेचोराची गोष्ट विसरत नव्हते.

एकदा जेवताना त्यांनी नवऱ्याला सहज विचारावं तसं विचारलं, “जबलपूरच्या क्वार्टरसमोर कुठलं झाड होतं रे?”

“बाबा, मी तेव्हा दोन वर्षांचा होतो,” नवरा हसत म्हणाला. “मला काय डोंबल आठवणार?”

बाबांनी मान डोलावली. आमटीत पोळीचा तुकडा बुडवला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “ऐकलंस ना?”

त्यानंतर त्यांनी आपली आरामखुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवायला लावली. नवरा ऑफिसातून आला की ते त्याच्या पायांकडे बघायचे, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा पायांकडे. नवऱ्याने दिलेली गोळी जिभेखाली ठेवायचे आणि तो गेला की कुंडीत थुंकायचे. हे मासीने बघितलं आणि मला येऊन सांगितलं. आणखी एक सांगितलं. दुपारी मी आंघोळीला गेले की दादू, म्हणजे आजोबा, कोचासमोर उभे राहतात आणि वर तलवारीकडे बघत राहतात.

नवरा त्या दिवशी माझ्यावर असा भडकला की आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात कधी भडकला नव्हता. “तुला दुसरं काही सुचलं नाही लिहायला? माझ्या बापाला तूच शिकवलंस मी कोणीतरी दुसराच आहे म्हणून!”

“मी गोष्ट लिहिली,” मी म्हटलं. “त्यांना आजार मी दिला का?”

“निदान वाचून तरी दाखवायची नव्हतीस!”

“मग कुणाला दाखवू? तुला?”

त्याने खुर्चीवर चढून तलवार काढली, म्यानासकट चादरीत गुंडाळली आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ पट्टा राहिला, आजूबाजूला ओलीचे डाग. बाबा आता त्या पट्ट्याकडे बघायला लागले. मी ती गोष्ट पुन्हा वाचली नाही, दुसरीच काहीतरी मचूळ गोष्ट वाचायचे, आणि त्यांना पहिल्याच पानावर झोप लागायची.

शेवट बदलावा असं मनात आलं होतं. प्रकाशकांना फोनही लावला. ते म्हणाले, छपाई चालू झाली आहे. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं, कारण तो शेवट चांगला होता. लिहिणाऱ्या बाईला हे असं वाटतं. कुणाला राग आला तर येऊ दे.

पुस्तकांचं पार्सल पूजेच्या आधी मिळायला हवं होतं, कारण एकदा इथली दुर्गापूजा सुरू झाली की लक्ष्मीपूजा होईपर्यंत शहराचं कुठलंही काम हलत नाही. नवरा रेल्वेचा, तो कुरिअरवर विश्वास ठेवणारच नाही. पार्सल गाडीने मागवलं आणि आम्ही दोघं हावड्याला जाऊन घेऊन आलो. येताना पुलावर गर्दीत अडकलो, सगळीकडे रोषणाईच्या बांबूच्या कमानी उभ्या राहत होत्या, आणि मांडीवर माझं पुस्तक होतं. अबोला होता तरी नवऱ्याने एक प्रत उचलून वास घेतला. “छान झालंय,” म्हणाला. मला रडू आलं.

घरी आल्यावर रीतीप्रमाणे पहिली प्रत देवापुढे ठेवली आणि मग बाबांच्या पाया पडून त्यांच्या हातात दिली. नवरा डोळे वटारून बघत होता, पण मी काय करणार होते? घरात वडीलधारं माणूस असताना पुस्तक कपाटात लपवू? बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मागून उघडलं. थेट शेवटची गोष्ट. ओळीखाली बोट सरकवत ते वाचत राहिले. वाचन त्यांचं अजून शाबूत होतं.

सप्तमीला मासी गावी गेली. इथे पूजेत कामवाल्यांना थांबवणं म्हणजे पाप, मी थांबवलंही नसतं. घरात आम्ही तिघं उरलो. वसाहतीच्या मैदानात मांडव होता, सकाळपासून ढाक, म्हणजे पूजेतला मोठा ढोल, वाजायचा. तो ढाक नुसता कानाला ऐकू येत नाही, खिडकीच्या काचांना ऐकू येतो, ताटातल्या वाटीला ऐकू येतो.

नवमीला सकाळी बाबा आंघोळ करून, दाढी करून, धुवट सदरा घालून बाहेर आले. कितीतरी महिन्यांत मी त्यांना इतकं स्वच्छ बोलताना ऐकलं नव्हतं. “आज खंडेनवमी,” ते नवऱ्याला म्हणाले. “तलवार कुठाय? पूजा मांडायची नाही का? सूनबाई, झेंडू आणलास? तेल कोमट कर. कापड सुती घे, नायलॉनचं नको.” आणि नवऱ्याला त्याच्या लहानपणीच्या लाडक्या नावाने हाक मारली.

नवऱ्याचा चेहरा असा फुलला की मला त्याला थांबवता येईना. मी त्याला खूण केली, नको म्हणून. त्याने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. बाप परत आला होता त्याचा! बापाने मागितली आणि मुलाने ट्रंक उघडली. दोघं शेजारी शेजारी बसले, तलवारीला तेल लावलं, पुसली. बाबा त्याला सांगत होते, टोकाकडून मुठीकडे कधी हात फिरवायचा नाही. तो लहान मुलासारखा हो हो करत होता.

पाटावर लाल कापड घातलं. त्यावर म्यानाबाहेर काढलेली तलवार, शेजारी माझी विळी आणि सुरी, नवऱ्याचा पेचकस, माझा लॅपटॉप आणि माझं पुस्तक. हळद, कुंकू, झेंडूची फुलं. आमच्याकडे रीत अशी की नवमीला पूजेत मांडलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही आणि जागेवरून हलवायचंही नाही. दसऱ्याला सकाळी अक्षता टाकल्या की मगच उचलायचं. पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. म्हणून ती नागवी तलवार दिवाणखान्याच्या मध्यावर तशीच राहिली. महिनोन् महिने कुलपात ठेवलेली वस्तू आम्ही स्वतःच्या हाताने काढून, पुसून, टोक मोकळं ठेवून मांडली, आणि आमच्यासारख्या दोन शिकल्यासवरल्या माणसांनी ती उचलून ठेवली नाही, कारण पूजा मोडते.

दुपारी नवरा मांडवातून भोगाची, म्हणजे प्रसादाची, खिचडी आणायला डबा घेऊन गेला. मी स्वयंपाकघरात होते. बाबा खोलीत झोपले होते, मी डोकावून पाहिलं होतं. ढाक जोरात सुरू झाला. त्या आवाजात मला खोलीचं दार उघडल्याचं ऐकू आलं नाही. बाहेरचं दार ऐकू आलं, आणि नवऱ्याचा आवाज, “बाबा?”

मी बाहेर आले. बाबा पाटाजवळ उभे होते, तलवार हातात. नवरा दारात, डबा छातीशी धरलेला. टोक त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं. बाबांचं मनगट सैल होतं. मला आधी तेच दिसलं. बाई गं, या माणसाला तलवार धरता येते, एवढंच डोक्यात आलं.

“तिथेच थांब,” बाबा म्हणाले. “मला सांग. ताप आला की तुला घरी काय द्यायचे?”

मी मनात म्हणत होते, सांग रे, काहीतरी सांग, जबलपूरसारखं हसू नकोस.

“मऊ भात,” तो म्हणाला. “मेतकूट घालून. लोणचं आई द्यायची नाही, खोकला होईल म्हणून. पण तुम्ही सुट्टीवर घरी असलात तर... आई देवळात गेली की तुम्ही बरणीत बोट बुडवून खार आणायचात. माझ्या जिभेला लावायचात. सांगू नकोस म्हणायचात. मी कधी नाही सांगितलं आईला, बाबा.”

तो रडत होता. बाबांनी माझ्याकडे मान वळवली. “खरं आहे?”

“खरं आहे, बाबा.”

“तुला काय ठाऊक? तू तेव्हा कुठे होतीस?”

बाबा पुन्हा त्याच्याकडे वळले. “बोटाने खार लावायचो? मी?”

“हो, बाबा.”

“मला आठवत नाही,” ते म्हणाले. आणि मग, हिशोब लागल्यासारखे, सावकाश म्हणाले, “म्हणजे तुला आठवतं. मला आठवत नाही.”

तलवारीचं टोक खाली आलं. मला वाटलं, संपलं, वाचलो. बाबांनी तलवार उलटी केली, पात्याला धरली आणि मूठ माझ्यापुढे केली. हाताला कुंकू लागलं होतं की रक्त आलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं नाही.

“घे,” ते मला म्हणाले. “कसोटी तुझी आहे. चोख आहे. मी या माणसाच्या घरात किती दिवस राहतोय कोण जाणे.”

आणि ते पाटाशेजारी खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून एरवी दोन माणसं लागतात त्यांना खाली बसवायला. बसले आणि मान वाकवली. सदऱ्याच्या कॉलरवरून त्यांची पांढरी, सुरकुतलेली मान दिसत होती, तिथे सकाळच्या दाढीचा साबण राहिला होता.

तलवार माझ्या हातात होती. इतकी जड असते! पुस्तकभर मी तिला भिरभिर फिरवली होती. नवरा दारात तसाच, हलला नाही. मी तलवार त्याच्याकडे दिली आणि बाबांच्या समोर फतकल मारून बसले.

“बाबा, उठा. ती गोष्ट तशी नाहीय.”

“छापलीय,” ते खालीच बघत म्हणाले.

“तुम्ही शेवट नीट वाचला नाहीत.”

“आण मग.”

मी पूजेतलं पुस्तक उचललं. झेंडू घरंगळला. मोडली तर मोडली पूजा, खड्ड्यात गेली ती रीत. शेवटचं पान उघडलं आणि पानाकडे बघत, जे तिथे नव्हतं ते वाचायला लागले. तलवारवाली म्हणाली, आठवत नाही? मग मी सांगते, ऐका. आणि ती उंबऱ्यावर बापाशेजारी बसली. म्हणाली, तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे होतात आणि माझ्या पोटाखाली हात धरला होतात. मी ओरडत होते सोडू नका, आणि तुम्ही म्हणत होतात सोडत नाही, आणि केव्हा सोडलात ते मला कळलंच नाही. तिने त्याला सगळं सांगितलं, दिवस मावळेपर्यंत. माझा आवाज चिरकत होता, ढाक वाजत होता, मी जवळजवळ ओरडूनच वाचत होते.

“मग चोर?” बाबांनी विचारलं.

“चोर तिथे नव्हताच, बाबा. तो बाप होता. विसरलेला बाप.”

बाबांनी मान वर केली. पुस्तक माझ्या हातातून थोडं आपल्याकडे ओढलं आणि शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं. मुंडक्याच्या ओळीखाली. बोट हळूहळू शेवटच्या शब्दापर्यंत सरकलं.

“इथं असं लिहिलेलं नाही,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे मला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी ते पूर्ण होते, सगळेच्या सगळे, मी शपथेवर सांगेन. “असू दे,” म्हणाले. “पुन्हा वाच.”

हाताला थोडं खरचटलं होतं, बाकी कुंकू होतं. दुसऱ्या दिवशी मैदानातली देवी वाजतगाजत नदीवर गेली, पुण्यात माझं पुस्तक प्रकाशित झालं, आणि आम्ही कुणालाही सोनं वाटलं नाही. दिवाळीत नवरा तलवार गावाला चुलतभावाकडे पोचवून आला. भिंतीवरच्या पट्ट्यावर आता कॅलेंडर आहे.

पुस्तक बऱ्यापैकी चाललं. वाचक फोन करतात, शेवटाचं कौतुक करतात. प्रकाशक म्हणाले, दुसरी आवृत्ती काढतोय, काही बदल? मी शेवट बदलायचं म्हटलं. ते म्हणाले, ताई, त्या शेवटावरच तर पुस्तक उभं आहे. मी वाद घातला नाही.

बाबांना दुपारी आता तीच गोष्ट लागते. मी पुस्तक उघडून, पानाकडे बघत, तिथे नसलेला शेवट वाचते. रोज थोडा वेगळा होतो. लोणच्याचा खारही मी त्यात घातला. वाचून झालं की बाबा पुस्तक आपल्याकडे ओढायचे, शेवटच्या ओळीखाली बोट फिरवायचे आणि मिश्कीलपणे म्हणायचे, “इथं असं लिहिलेलं नाही.” मी म्हणायचे, “ठाऊक आहे मला.” महिनोन् महिने असं चाललं. नवऱ्याला कधी ड्रायव्हर समजायचे, मला कधी सासूबाई, पण छापलेल्या ओळीपुढे मला पकडायला कधी चुकले नाहीत.

गेल्या आठवड्यात मी शेवट वाचला. बाबांनी पुस्तक आपल्याकडे ओढलं, ते उलटं आलं, आणि तसंच उलट्या पानावर त्यांचं बोट मध्येच कुठेतरी थांबलं. “छान आहे,” ते म्हणाले.

मी पुस्तक सुलट करून त्यांच्यापुढे धरलं. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट नेऊन ठेवलं आणि वाट बघत राहिले. ते माझ्याकडे बघून गोड हसले.